दिवा लागला म्हणजे सेन्सर गेला, असं नाही

आज आपण बचतीच्या वहीबद्दल नाही, तर गाडीच्या डॅशबोर्डवर लागणाऱ्या एका पिवळ्या दिव्याबद्दल बोलणार आहोत. पण ऐकता ऐकता तुमच्या लक्षात येईल, की हा विषय शेवटी आपल्या वहीतच येऊन पोहोचतो.

२०१७ साली केंद्र सरकारने आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू केली. बचत गटातल्या महिलांनी प्रवासी गाडी घ्यावी आणि आतल्या गावांना बाजाराशी, दवाखान्याशी जोडावं, असा तिचा हेतू. योजनेतून असो, बँकेच्या कर्जातून असो की घरच्या पैशातून, आज आपल्यातल्या काही जणींच्या दारात गाडी उभी आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव भागात गाडीवर सवारी चालते, भाजी चालते, रात्री-बेरात्री बाळंतीणही दवाखान्यात जाते. गाडी गॅरेजात उभी राहते, पण हप्ता थांबत नाही.

गटांच्या बैठकींत आम्हाला एक तक्रार वारंवार ऐकू येते. "इंजिनचा दिवा लागला, मिस्त्रीभाऊंनी मशीन लावली, सेन्सर खराब निघाला, बदलला. आठ दिवसांनी दिवा परत लागला." सेन्सरचे पैसे गेले, दोन दिवसांची कमाई गेली आणि बिघाड होता तिथेच राहिला. असं का होतं, ते समजून घेऊ.

आजच्या गाडीत एक छोटा संगणक असतो. गॅरेजवाले त्याला ईसीएम किंवा ईसीयू म्हणतात. इंजिन किती तापलं, हवा किती आत आली, धुरात ऑक्सिजन किती उरला, हे त्याला सेन्सर सांगतात. त्यावरून तो किती इंधन सोडायचं ते ठरवतो. एखादी माहिती ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की तो दिवा लावतो आणि एक कोड लिहून ठेवतो. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना एकसारखं सॉकेट आणि एकसारखे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ आलं आणि ही व्यवस्था गावोगावच्या गाड्यांत पोहोचली. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं जे सॉकेट असतं, त्यातच मिस्त्री स्कॅनर लावतात.

कोड वाचायला सोपा आहे. सुरुवातीला 'पी' असेल तर बिघाड इंजिन किंवा गिअरच्या बाजूचा. त्यानंतर शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. तिसऱ्या जागेचा आकडा विभाग सांगतो. एक म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसिंग, चार म्हणजे धुराच्या शुद्धीकरणाची यंत्रणा.

आता मुद्द्याची गोष्ट. कोड बिघाडाचा पत्ता सांगतो, कोणता भाग विकत घ्यायचा ते सांगत नाही. आपल्या गटाच्या वहीत शंभर रुपयांचा फरक आला म्हणून आपण लगेच कोषाध्यक्ष ताईला दोष देतो का? आधी पावत्या जुळवतो, बेरीज तपासतो. गाडीच्या बाबतीतही तसंच करायचं.

पी ०११८ हा कोड बघा. त्याचा अर्थ, कूलंटचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज जास्त आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कनेक्टर, दोन वायरी आणि संगणक, हे सगळं मिळून. संगणक या सेन्सरकडे पाच व्होल्ट पाठवतो. इंजिन तापलं की सेन्सरचा विद्युतरोध कमी होतो आणि व्होल्टेज खाली येतं. वायर तुटली तर व्होल्टेज खाली येतच नाही, आणि संगणकाला वाटतं इंजिन अतिशय थंड आहे. मग आपल्या गोंदियाच्या मे महिन्यात, बाहेर अंग भाजत असताना, स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात! कित्येक गाड्यांत अशा वेळी इंधन जास्त सोडलं जातं, ॲव्हरेज पडतं, रेडिएटरचा पंखा सतत फिरत राहतो.

इथे मिस्त्री एक साधी तपासणी करू शकतात. या दोन वायरींच्या सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन्ही टोकांना वायरीच्या तुकड्याने क्षणभर जोडायचं. स्कॅनरवरचा आकडा एकदम खूप गरम दाखवू लागला तर वायरी आणि संगणक ठीक आहेत, दोष सेन्सरचा. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर घालून काही उपयोग नाही, वायर शोधायला हवी. ही तपासणी जाणकारानेच करावी, कारण तीन वायरींच्या सेन्सरवर असं केलं तर नुकसान होऊ शकतं.

दुसरी तपासणी तर फुकटची. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची चावी सकाळी फिरवा, इंजिन सुरू करू नका. स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखंच, बाहेरच्या हवेइतकं दिसायला हवं. दोघांत मोठा फरक असेल तर त्यातला एक खोटं बोलतो आहे.

काही वेळा सेन्सर खरं बोलतो आणि शिक्षा त्यालाच होते. पेट्रोल गाडीतला पी ०१७१ हा कोड सांगतो, की इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे. ही बातमी ऑक्सिजन सेन्सर देतो, म्हणून बरेचदा तोच बदलला जातो. खरं कारण फाटलेला रबरी पाइप, हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसलेली धूळ किंवा कमजोर पडलेला पेट्रोल पंप असू शकतं. बातमी आणणाऱ्याला हाकलून बातमी बदलत नाही. तसंच पी ०४२० चं. तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचं सांगतो. पण हा महाग भाग बदलण्याआधी सायलेन्सरच्या पाइपला गळती आहे का आणि इंजिन मिसिंग मारतं का, हे बघायलाच हवं. मिसिंग तशीच राहिली तर नवा कन्व्हर्टरही जळतो.

आपल्या भागातली काही कारणं तर डोळ्यांनीच दिसतात. रोवणीच्या दिवसांत कनेक्टरमध्ये पाणी आणि चिखल शिरतो. मळणीच्या दिवसांत भुसा एअर फिल्टरमध्ये बसतो. धानाच्या पोत्यांजवळ गाडी उभी केली की उंदीर वायरी कुरतडतात. बॅटरीचं टोक सैल असलं किंवा अर्थिंगची वायर गंजली, तर एकाच वेळी तीन-चार कोड येतात. असे एकदम पुष्कळ कोड आले तर आधी बॅटरी बघा. बंद गाडीच्या चांगल्या चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात, इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५ च्या दरम्यान.

म्हणून गॅरेजात गेल्यावर न लाजता पाच गोष्टी विचारा.

एक, "भाऊ, कोड कोणता आला?" तो पुसण्याआधी वहीत लिहून घ्या, स्क्रीनचा फोटो काढा.

दोन, दिवा लागला त्या क्षणाची नोंद विचारा. तेव्हा गाडीचा वेग, तापमान, इंजिनचे फेरे किती होते, हे संगणक बहुधा जपून ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही जाते.

तीन, "वायर आणि कनेक्टर तपासले का?"

चार, "सेन्सरच खराब आहे हे कशावरून ठरवलं?" मल्टिमीटरने किंवा स्कॅनरच्या चालू आकड्यांवरून उत्तर मिळालं पाहिजे.

पाच, जुना भाग परत मागा आणि बिलावर कोड लिहून घ्या.

चांगला मिस्त्री अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याचंही काम सोपं होतं, कारण गिऱ्हाईक विश्वासाने परत येतं.

दिव्याचा रंगही ओळखा. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सवारी सोडून लवकर गॅरेज गाठा. पिवळा दिवा लुकलुकत असेल तर इंजिन जोरात मिसिंग मारतं आहे. वेग कमी करा, ओझं उतरवा, लांबचा फेरा रद्द करा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर सुरक्षित जागा बघून गाडी लगेच थांबवा. गावापर्यंत रेटू नका.

बचतीची वही ठेवतो तशी गाडीचीही एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कोणता दिवा, कोणता कोड, काय तपासलं, काय बदललं, किती पैसे लागले. गाडी गटाची असेल तर ही वही मासिक बैठकीत वाचा. मोठा भाग बदलायचा ठराव तपासणी झाल्यावरच घ्या. गाडी चालवणारा घरचा माणूस असो की पगारी ड्रायव्हर, ही वही मात्र तुमच्या हातात राहू द्या.