कोशिंबिरीची वाटी, आधी आपल्यासाठी



गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या आरोग्य शिबिरात एक ताई आल्या होत्या. तीन घरचा स्वयंपाक करतात. जिना चढला की धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, अशी तक्रार. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन साडेआठ. मी विचारले, "जेवणात कच्चे काही असते का? काकडी, टोमॅटो, लिंबू?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सिस्टर, तीन घरी रोज सॅलड चिरते मी. काकडीच्या चकत्या, गाजराचे काप, सगळं छान मांडून देते. घरी कोण खातंय? सगळ्यांचं झालं की उरलेली भाजी, भाकरी आणि वर चहा. झालं माझं जेवण."

ही एका ताईची गोष्ट नाही. सरकारच्या 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे 11 च्या खाली असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. त्यावर औषध आहे, ते घ्यायलाच हवे. पण रोजच्या ताटातही थोडा बदल करता येतो. तो बदल महाग नाही आणि चवीला तर फारच चांगला आहे. आज त्याबद्दल बोलू.

सॅलड हे आपलेच आहे

सॅलड म्हटले की हॉटेल आणि बंगला आठवतो. पण मराठवाड्यातल्या आपल्या आज्या शेतात मजुरीला जात तेव्हा भाकरीबरोबर काय खात? मेथीचा किंवा कोवळ्या करडईचा घोळाणा. बुक्की मारून फोडलेला कांदा. पातीचा कांदा, मुळ्याचा पाला. कच्चा पाला, मीठ, मिरची, शेंगदाण्याचे कूट आणि तेलाची धार. हे सॅलडच होते, फक्त त्याला ते नाव नव्हते. शहरात आलो, वेळ कमी पडला, आणि ताटातून सगळ्यात आधी ही कच्ची वाटी गेली.

लिंबू का पिळायचे?

बाजरी, डाळी, मटकी, मेथी, तीळ यांत लोह असते. पण झाडापासून मिळणारे लोह शरीर सहजासहजी शोषून घेत नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असेल तर ते जास्त शोषले जाते. 'क' जीवनसत्त्व लिंबू, पेरू, आवळा, कैरी, टोमॅटो, कोथिंबीर, कच्चा कोबी यांत भरपूर असते. मात्र शिजवले की ते बरेचसे नष्ट होते. म्हणून लिंबू उकळत्या आमटीत न पिळता ताटात पिळावे, आणि काहीतरी कच्चे खावे.

याच्या उलट काम चहा करतो. जेवणाबरोबर किंवा जेवणावर लगेच घेतलेला चहा लोह शोषू देत नाही. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, मलाही तो लागतो. फक्त जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

आणखी एक गैरसमज दूर करू. बीट लाल असते म्हणून ते खाल्ले की रक्त वाढते, असे पुष्कळ जण मानतात. बिटाचा लाल रंग वेगळा आणि रक्ताचा वेगळा. बिटात लोह फारसे नसते. बीट खा, ते चांगलेच आहे, पण रक्तासाठी महागाचे बीट आणून मेथीची जुडी सोडू नका.

चव आणण्याची रीत

कोशिंबीर बेचव लागते, कारण आपण काकडी-टोमॅटो चिरून तसेच ठेवतो. माझी साधी रीत अशी. प्रत्येक वाटीत पाच गोष्टी हव्यात.

1. करकरीत काहीतरी : काकडी, कोबी, गाजर, मुळा, कांदा.
2. आंबट : लिंबू, कैरी, टोमॅटो किंवा दही.
3. तिखट : हिरवी मिरची, लाल तिखट किंवा ठेचा.
4. कूट : भाजलेले शेंगदाणे, तीळ किंवा जवस.
5. वास : कोथिंबीर किंवा मोहरी-हिंगाची चमचाभर तेलाची फोडणी.

फोडणी नुसती चवीसाठी नाही. गाजरातले आणि पालेभाजीतले 'अ' जीवनसत्त्व बनवणारे द्रव्य शरीरात जायला थोडे तेल लागते. मीठ अगदी वाढताना घाला, नाहीतर पाणी सुटून वाटी ओघळते.

ही रीत हातात बसली की पाककृती पाठ करावी लागत नाही. बाजारात जे स्वस्त मिळेल त्याची कोशिंबीर होते. संध्याकाळी बाजार उठता उठता जा, भाजीचा वाटा निम्म्या पैशात मिळतो. फक्त सडलेले, बुरशी आलेले घेऊ नका.

काही चवदार प्रकार

मेथीचा घोळाणा : कोवळी मेथी स्वच्छ धुऊन बारीक चिरा. थोडे मीठ लावून हाताने हलके चोळा, म्हणजे कडूपणा कमी होतो. त्यात बारीक कांदा, मिरची, दोन चमचे कूट, चमचाभर कच्चे तेल आणि लिंबू. गरम बाजरीच्या भाकरीबरोबर खा. कांद्याच्या पातीचा आणि मुळ्याच्या कोवळ्या पाल्याचाही असाच होतो.

मुळ्याची कोशिंबीर : मुळा किसा. सुटलेले पाणी फेकू नका, त्यात कणीक भिजवा. दही, मिरची, मीठ आणि मुळ्याचाच चिरलेला पाला घाला. आपण पाला भाजीवाल्याकडे ठेवून येतो, पण मुळ्यापेक्षा त्याच्या पाल्यातच सत्त्व जास्त असते.

कोबीची पचडी : मूठभर मुगाची डाळ तासभर भिजवा. बारीक चिरलेल्या कोबीत ती निथळून घाला. वर मोहरी, हिंग, हळद, मिरचीची फोडणी आणि लिंबू. डाळ दाताखाली छान लागते, पोटही भरते.

मोडाची कोशिंबीर : मूग किंवा मटकी आठ तास भिजवून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. मोड आल्याने 'क' जीवनसत्त्व वाढते आणि लोह शोषायला सोपे जाते. मोड पाच मिनिटे वाफवा. गार झाल्यावर कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू घाला. कामावर जाताना डब्यात न्यायची तर लिंबू आणि मीठ वेगळे न्या.

सुकटीची कोशिंबीर : सुका जवळा निवडून तव्यावर खमंग भाजा. त्यात कच्चा कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर, लिंबू. जवळा खारट असतो, म्हणून मीठ चाखूनच घाला. मासळी-मटणाबरोबर खाल्लेल्या भाजी-डाळीतले लोहही शरीराला जास्त मिळते.

कैरीचा तक्कू : उन्हाळ्यात कैरी आणि कांदा किसा. गूळ, लाल तिखट, मीठ घालून मोहरी, हिंग, मेथीदाण्याची फोडणी द्या. भूक मेलेल्या दिवसांत याने दोन घास जास्त जातात.

पेरूच्या फोडी : थंडीत पेरू स्वस्त असतो. त्यात लिंबापेक्षाही जास्त 'क' जीवनसत्त्व असते. मीठ-तिखट लावून शाळेतून आलेल्या पोराला द्या. दहा रुपयांच्या कुरकुऱ्याच्या पाकिटापेक्षा कधीही चांगला.

मुले कोशिंबीर खात नाहीत ही तक्रार मी नेहमी ऐकते. किसलेले बीट दह्यात कालवा. गुलाबी रंग पाहून मुले स्वतःहून मागतात. थोडी मोठी झाली की लिंबू पिळायचे, कोथिंबीर तोडायचे काम त्यांनाच द्या. मुलींना आणि मुलग्यांनाही. स्वतः केलेले मूल आवडीने खाते.

धुण्यात हयगय नको

कच्चे खायचे तर स्वच्छता दुप्पट हवी. वस्तीत पिण्याचे पाणी आणि गटार जवळजवळ वाहते, त्यामुळे जुलाब, विषमज्वर, कावीळ यांची भीती असते.

- भाजीला हात लावण्याआधी हात साबणाने धुवा.
- पालेभाजीचे देठ कापा, पाने सुटी करा आणि दोन-तीन पाण्यांनी धुवा. कोबीची बाहेरची पाने काढून टाका, आतली वेगळी करून धुवा. पानांच्या बेचक्यात माती आणि जंतांची अंडी अडकून राहतात.
- मिठाच्या पाण्यात भाजी ठेवली की माती आणि अळ्या निघतात, पण सगळे जंतू मरत नाहीत. म्हणून शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्याने करा. पाण्याची शंका असेल तर उकळून गार केलेले पाणी वापरा.
- मासे-मटण कापलेली विळी किंवा सुरी साबणाने धुतल्याशिवाय कोशिंबिरीला वापरू नका.
- जेवढे खाल तेवढेच चिरा. सकाळची कोशिंबीर रात्री खाऊ नका. रस्त्यावर उघडी चिरून ठेवलेली काकडी, कलिंगड टाळा.
- पावसाळ्यात कच्चा पाला बंद ठेवा. काकडी, मुळा, गाजर सोलून वापरा, बाकीचे वाफवून घ्या. लिंबू मात्र रोज पिळा.

कोणी जपावे?

गरोदर बाईने कच्चे मोड खाऊ नयेत, चांगले शिजवूनच खावेत. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि गाजराचे तुकडे देऊ नका, ते घशात अडकतात. कूट आणि कीस द्या. रक्तदाब असेल तर मीठ कमी करून लिंबू वाढवा. मधुमेह असेल तर साखर घालू नका, आणि आधी कोशिंबीर खाऊन मग भात-भाकरी घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कच्च्या भाज्या किती खायच्या ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

आणि महत्त्वाचे : रक्त कमी असेल तर कोशिंबीर गोळ्यांच्या जागी चालत नाही. आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात. गरोदरपणात त्या निदान 180 दिवस घ्यायच्या असतात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध किंवा दह्याबरोबर घेऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या. शौचास काळे झाले तर घाबरू नका, ते गोळीमुळे होते. मळमळले तर गोळी बंद करण्याआधी सिस्टरला किंवा आशाताईला विचारा.

वाटी आधी बाजूला काढा

इतकी वर्षे मी वॉर्डात आणि वस्तीत पाहते आहे. आपल्या घरात चांगली गोष्ट आली की ती आधी कर्त्या माणसाला, मग मुलांना, मग पाहुण्याला. बाईच्या वाट्याला पातेले येते. कोशिंबीर तर अशी की पहिल्या पंगतीतच संपते. म्हणून मी बायकांना एकच सांगते : कालवून झाली की सगळ्यात आधी आपली वाटी काढून झाकून ठेवा. यात स्वार्थ नाही. ज्या घरात बाई चक्कर येऊन पडते, त्या घराची चूल कोण पेटवणार? त्याहून चांगले म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे.

त्या ताई तीन महिन्यांनी परत आल्या. गोळ्या नेमाने घेतल्या होत्या. जेवणावरचा चहा बंद केला होता. रोज लिंबू आणि कच्ची वाटी चालू होती. हिमोग्लोबिन साडेदहावर आले होते. अजून बारा गाठायचे होते, म्हणून गोळ्या चालूच ठेवायला सांगितल्या. जाताना म्हणाल्या, "सिस्टर, कांदा आता माझा पोरगा चिरतो. डोळ्यांतून पाणी काढतो, पण चिरतो."

या आठवड्यात एवढेच करा. बाजारातून दोन लिंबे आणि एक मेथीची जुडी जास्त आणा. एक दिवस घोळाणा करा, घरातल्या सगळ्यांना हाताशी घ्या. आणि शेवटची रक्त तपासणी कधी केली होती ते आठवा. आठवत नसेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन करून घ्या.