एक्सएमएलमध्ये 'कधी' कसे लिहायचे? तारीख, वेळ आणि वेळापत्रकाचे नियम

०३/०४/२०२५ ही तारीख कोणती? आपल्याकडे कुणीही ३ एप्रिल म्हणेल. अमेरिकेत मात्र हेच आकडे ४ मार्च म्हणून वाचले जातात. माणूस शंका आली तर विचारून घेतो, संगणक विचारत नाही. रोज रात्री बॅकअप घेणे, पहिल्या तारखेला बिले पाठवणे, दर पंधरा मिनिटांनी माहिती ताजी करणे अशी कामे त्याच्यावर सोपवायची, तर 'कधी' याचा एकच अर्थ निघायला हवा. असे नियम बऱ्याचदा एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेले असतात. उदाहरणार्थ, विंडोजमधला टास्क शेड्युलर व्हिस्टाच्या काळापासून प्रत्येक कामाचे वर्णन एक्सएमएलमध्येच ठेवतो.

मोठ्याकडून लहानाकडे

एक्सएमएलमधील तारीख-वेळेचे नियम २००१ मध्ये आलेल्या 'एक्सएमएल स्कीमा' या मानकात दिले आहेत. त्यांचा पाया आहे आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, त्यानंतर 'टी' हे अक्षर आणि पुढे तास, मिनिटे, सेकंद, असा हा क्रम असतो. ३ एप्रिलच्या सकाळचे नऊ असे लिहिले जातात:

२०२५-०४-०३टी०९:००:००

(प्रत्यक्ष फाइलमध्ये अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी असतात.) घड्याळ चोवीस तासांचे असते, त्यामुळे एएम-पीएम लिहायचे नाही. नुसते ९ चालत नाही, ०९ लागते. सेकंदही गाळता येत नाहीत.

नऊ वाजता, पण कुठले नऊ?

वरच्या ओळीत एक गोष्ट राहिली आहे. ही वेळ कुठली? त्यासाठी शेवटी कालविभाग जोडता येतो. 'झेड' म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, म्हणजेच यूटीसी. भारतीय वेळेसाठी +०५:३० लिहायचे. भारतातील ०९:००:००+०५:३० आणि यूटीसीतील ०३:३०:००झेड हा एकच क्षण आहे.

अडचण अशी, की हा भाग ऐच्छिक आहे. तो लिहिला नाही, तर टास्क शेड्युलर त्या यंत्रावरची स्थानिक वेळ धरतो. आता तुमचे काम ज्या सर्व्हरवर चालते, त्याचे घड्याळ यूटीसीवर असेल, तर सकाळी नऊचे काम भारतात दुपारी अडीच वाजता सुरू होईल. फाइलमध्ये चूक काहीच दिसणार नाही. म्हणूनच स्कीमाच्या २०१२ मधल्या १.१ आवृत्तीत, कालविभाग सक्तीचा असलेला एक वेगळा प्रकार आणला गेला.

घड्याळ पुढे सरकते तेव्हा

भारतात वर्षभर एकच प्रमाणवेळ असते, त्यामुळे +०५:३० लिहून निश्चिंत राहता येते. अमेरिकेच्या बहुतेक भागात तसे नाही. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासाने पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते. न्यूयॉर्कची सकाळी नऊची बैठक हिवाळ्यात पुण्यात संध्याकाळी साडेसातला असते, तर उन्हाळ्यात साडेसहाला. नियमात ०९:००:००-०५:०० असे पक्के लिहून ठेवले, तर मार्चनंतर न्यूयॉर्कमध्ये ते काम दहा वाजता होऊ लागेल.

म्हणजे 'यूटीसीपासूनचा फरक' आणि 'कालविभाग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घडून गेलेल्या घटनेची नोंद करायला फरक पुरतो. पुढे वारंवार चालणाऱ्या नियमासाठी मात्र स्थानिक वेळ आणि 'अमेरिका/न्यूयॉर्क' किंवा 'एशिया/कोलकाता' असे विभागाचे नाव वेगळ्या रकान्यात ठेवावे. घड्याळ कधी सरकते हे मग प्रणालीतील कालविभागांच्या यादीवरून ठरते.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेळा

दरवर्षी येणाऱ्या दिवसासाठी स्कीमात वेगळा प्रकार आहे. '--०८-१५' म्हणजे कोणत्याही वर्षातला १५ ऑगस्ट. कालावधी लिहिताना सुरुवात 'पी'ने होते. 'पी१डी' म्हणजे एक दिवस, 'पीटी१५एम' म्हणजे पंधरा मिनिटे.

इथे एका अक्षराकडे नीट पाहावे लागते. 'पी१एम' म्हणजे एक महिना, आणि 'पीटी१एम' म्हणजे एक मिनिट. मधला 'टी' चुकून पडला, तर महिन्यातून एकदा जाणारे बिल ग्राहकाला दर मिनिटाला जाऊ शकते.

महिन्याची आणखी एक खोच आहे. स्कीमाच्या नियमाप्रमाणे ३१ जानेवारी २०२५ मध्ये एक महिना मिळवला की २८ फेब्रुवारी येते. त्यात पुन्हा एक महिना मिळवला तर ३१ नव्हे, २८ मार्च येते. 'महिन्याचा शेवटचा दिवस' हवा असेल, तर तसे स्पष्ट सांगावे लागते. टास्क शेड्युलरमध्ये त्यासाठी दिवसाच्या जागी आकड्याऐवजी 'लास्ट' लिहिता येते.

तपासणी कुठवर पुरते?

स्कीमाची तपासणी ३० फेब्रुवारी लगेच पकडते. पण महिन्याऐवजी मिनिट लिहिले गेले, किंवा कालविभाग राहून गेला, तर ती फाइल बिनचूक ठरवते, कारण ती फक्त लेखनाचे रूप तपासते. म्हणून नियम चालू करण्यापूर्वी पुढच्या पाच-सहा वेळा कोणत्या येतात ते काढून पाहावे. त्यात एक महिनाअखेर आणि घड्याळ सरकण्याचा एक दिवस येईल, असे बघावे. बहुतेक घोटाळे तिथेच दिसतात.