आखातातून आलेले आकडे पलटणारे घड्याळ : दात झिजले की हिशेब चुकला?

ठाणे, मुंब्रा-कौसा, कल्याण आणि भिवंडी भागातील आपल्या समाजाच्या अनेक घरांत कपाटावर किंवा शोकेसमध्ये एक जुने घड्याळ अजून दिसते. त्याला काटे नसतात. दर मिनिटाला एक पान खाली पडते आणि नवा आकडा समोर येतो. १९७० नंतर आखातात नोकरीला गेलेल्या बांधवांनी सुट्टीवर येताना रेडिओसह अशी घड्याळे आणली. आज ती बाप-दादांची आठवण म्हणून जपली जातात आणि जुन्या वस्तूंचे शौकीनही त्यांना चांगली किंमत देतात. त्यामुळे घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडे ही वस्तू पुन्हा येऊ लागली आहे. मोबाईल आल्यापासून मंदावलेल्या या धंद्याला हा एक नवा आधार आहे. मात्र हे काम हातगड्याळाच्या कामापेक्षा वेगळे आहे. म्हणून त्याची माहिती आम्ही येथे देत आहोत.

यंत्र चालते कसे?

यात स्प्रिंग किंवा लंबक नसतो. आत एक छोटी सिंक्रोनस मोटर असते. ती घरातील विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते. मोटरची गती दातेरी चाके टप्प्याटप्प्याने कमी करतात. साधारणपणे मिनिटाच्या फिरकीवर ६० पाने असतात आणि ती तासाला एक फेरा घेते. जपानच्या कोपल कंपनीने बनवलेली अशी यंत्रे निरनिराळ्या नावांच्या घड्याळांत बसवलेली सापडतात. चाके बहुधा प्लास्टिकची असतात आणि खरी नाजूक जागा तीच.

आधी रोग ओळखा

आमच्या माहितीतील एक गोष्ट सांगतो. कल्याणच्या एका घरातील घड्याळ दर तासाला दहा मिनिटे मागे पडत असे. घरातील वृद्ध मंडळी त्याच्यावर भरवसा ठेवून उठत आणि नमाजची जमात चुके. एका कारागिराने दात झिजल्याचे सांगून चाके कानसली. दुसऱ्याने एक चाक बदलले. दोघांनी मजुरी घेतली, घड्याळ मात्र तसेच राहिले. शेवटी कोणीतरी पाठीमागची पट्टी वाचली. घड्याळ जेद्दाहहून आणलेले होते आणि पट्टीवर ६० हर्ट्झ लिहिले होते.

सौदी अरेबियात वीज ६० हर्ट्झची आहे. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची आहे, दुबई, कुवेत, कतार आणि ओमानमध्येही ५० हर्ट्झचीच. ६० साठी बनवलेली मोटर ५० वर चालवली की ती सहापैकी पाचच भाग फिरते. म्हणजे खऱ्या तासात ५० मिनिटे, दिवसाला पूर्ण चार तासांची तूट. यात चाकांचा काहीच दोष नव्हता. कानसल्यामुळे मात्र चांगली चाके वाया गेली.

म्हणून घड्याळ ठरावीक प्रमाणात मागे पडत असेल तर आधी पट्टी पाहावी. काही यंत्रांत ५० आणि ६० साठी खटका असतो, तोही तपासावा. आपल्या ग्रीडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ दरम्यान ठेवण्याचा नियम आहे. तेवढ्या फरकाने दिवसाला तीन मिनिटांपेक्षा कमीच चूक पडते, तासाला दहा मिनिटे नव्हे. आणखी एक खबरदारी : सौदीतील जुन्या वस्तू पुष्कळदा ११० ते १२७ व्होल्टच्या असतात. त्या थेट २३० व्होल्टवर लावल्यास मोटर जळते. त्यांना ट्रान्सफॉर्मर हवा. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, फ्रिक्वेन्सी बदलत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगायला विसरू नये.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, असे असेल तर बहुधा आतले जुने तेल घट्ट झालेले असते. घड्याळ कधी चालते, कधी अडते आणि अडताना तोच आकडा समोर असतो, तर एखादा दात तुटला आहे किंवा एखादे पान अडकते आहे असे समजावे. आकडा बदलताना टक्-टक् आवाज येऊन चाक घसरत असेल, तरच झीज खरी.

झिजलेल्या चाकाचे काय करावे?

प्लग काढल्याशिवाय झाकण उघडू नये. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढून ठेवावा. चाके कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावीत. थिनर किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने काही जातींचे प्लास्टिक विरघळते किंवा तडकते.

पहिला उपाय फुकटचा आहे. घड्याळ एकाच दिशेने चालते, त्यामुळे दात एकाच बाजूने झिजतात. चाकाच्या दोन्ही बाजू सारख्या असतील तर ते काढून उलटे बसवावे. न झिजलेली बाजू कामाला लागते.

दुसरा उपाय म्हणजे त्याच जातीच्या बंद घड्याळातील चाक. मुंबईच्या चोर बाजारात अशी मोडकी घड्याळे मिळू शकतात. मात्र दात मोजूनच घ्यावे.

तिसरा उपाय नवीन चाक बनवून घेण्याचा. ठाण्याचे वागळे इस्टेट आणि डोंबिवलीचे एमआयडीसी येथे लहान यंत्रशाळा आहेत. त्यांच्याकडे जाताना हिशेब बरोबर हवा. चाकाचा बाहेरचा व्यास दातांच्या संख्येत दोन मिळवून भागला की मॉड्यूल मिळते. समजा चाकाला ४२ दात आहेत आणि व्यास १७.६ मिलिमीटर आहे. १७.६ भागिले ४४, म्हणजे मॉड्यूल ०.४. झिजलेल्या चाकाचा व्यास कमी भरतो, म्हणून दुसऱ्या बाजूनेही पडताळावे. जोडीचे लहान चाक १४ दातांचे असेल, तर दोन्हींची बेरीज ५६, तिचे निम्मे २८, गुणिले ०.४, म्हणजे दोन आसांमधील अंतर ११.२ मिलिमीटर भरले पाहिजे. दोन्ही हिशेब जुळले तरच काम द्यावे. हे सूत्र नेहमीच्या घडणीच्या दातांसाठी आहे. दातांचा आकार वेगळा दिसला तर नमुना म्हणून जुने चाकच सोबत द्यावे.

याच हिशेबाने सौदीचे घड्याळही सुधारता येते. वरच्या उदाहरणात १४ आणि ४२ ऐवजी १६ आणि ४० दातांची जोडी बसवली, तर बेरीज ५६ च राहते, आसांचे अंतर बदलत नाही, आणि गती सहा-पंचमांश पटीने वाढते. तासाला पडणारी दहा मिनिटांची तूट भरून निघते. प्रत्येक यंत्रात असे जुळणारे आकडे मिळतीलच असे नाही, पण कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याला मार्ग सापडतो.

चाक पितळेचे करायचे असेल तर दातांवर कंगोरे राहू देऊ नयेत, नाहीतर ते शेजारचे प्लास्टिक खाते. आता रेझिनचे चाक छापून देणारेही आहेत. असे चाक बसवण्यापूर्वी काही दिवस चालवून पाहावे. तुटलेला दात सुपर ग्लूने चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. ॲसिटलसारख्या प्लास्टिकला तो धरत नाही आणि त्याच्या वाफेने समोरची पारदर्शक काच पांढरी पडते. तेल फक्त आसाच्या टोकाला, सुईच्या अग्राएवढे.

गिऱ्हाइकाला एवढेच सांगावे : पलटणारी पाने बोटाने ढकलू नका आणि वेळ लावताना बटण उलटे फिरवू नका.

हुनर आणि अमानत

दातेरी चाकांचे काम आपल्या परंपरेला परके नाही. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल-जझरी यांनी १२०६ मध्ये यंत्रांवरील आपला ग्रंथ पुरा केला. त्यात घड्याळांची रचना मापांसह दिली आहे, दुसऱ्याला पाहून बनवता यावी म्हणून. त्यांनी ज्ञान झाकून ठेवले नाही.

आपल्या धंद्यात झाकण उघडल्यावर आत काय आहे ते फक्त कारागीर पाहतो. गिऱ्हाईक विश्वासावर वस्तू ठेवून जाते, ती अमानत आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये मापात कमी देणाऱ्यांना जी ताकीद आहे, ती केवळ तराजूपुरती नाही असे आम्हांला वाटते. न झिजलेले चाक झिजले म्हणून सांगणे हेही मापात मारणेच आहे. म्हणून काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा, कोणते चाक घातले ते पावतीवर लिहावे, आणि दोष फक्त विजेचा असेल तर तसे सांगून तपासणीचीच मजुरी घ्यावी. आज दोनशे रुपये कमी मिळतील, पण तेच गिऱ्हाईक उद्या शेजाऱ्याचे घड्याळ घेऊन येईल. हलाल रोजीची बरकत अशीच वाढते, इन्शाअल्लाह.