गोड्या पाण्यात तरंगते, खाऱ्यात बसते

रंग आणि सनस्क्रीनमध्ये वापरले जाणारे धातू-ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात पडले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. तिथले हायड्रॉक्सिल गट आम्लधर्मी पाण्यात प्रोटॉन घेतात, अल्कधर्मी पाण्यात सोडतात. ज्या सामूला भार शून्य होतो, तो टिटॅनियम डायऑक्साइडसाठी ६च्या आसपास, झिंक ऑक्साइडसाठी ९च्या आसपास असतो. सारखा भार असलेले कण एकमेकांना दूर लोटतात, म्हणून तरंगत राहतात.

उदाहरणार्थ, रायगड जिल्ह्यात भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेले गोडे पाणी कुंडलिका नदीतून रोह्यावरून रेवदंड्याच्या खाडीकडे जाते. पेण तालुक्याच्या कडेला अंबा नदी धरमतर खाडीला मिळते. खारे पाणी लागताच त्यातले आयन कणांचा भार झाकून टाकतात, आकर्षण वरचढ ठरते, कण गुठळ्या करून तळाशी बसतात. खाडीत चिखल साचण्यामागेही हेच एक कारण आहे. म्हणून असे कण शोधायचे तर केवळ पाणी तपासून भागणार नाही. गाळ तपासायला हवा.

कुजलेल्या पाल्यातील सेंद्रिय द्रव्ये कणांना लपेटून तरंगत ठेवतात, असा आक्षेप येईल. गोड्या पाण्यात तो खरा आहे. पण समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हे आवरणही दुबळे करतात. झिंक ऑक्साइड विरघळते, हेही खरे. त्यासाठी विरघळलेले जस्तही मोजावे. शिवाय बसलेला कण नाहीसा होत नाही: भरतीने ढवळला की पुन्हा वर येतो, आणि गाळात राहणाऱ्या शिंपल्या-खेकड्यांच्या पोटात जाऊ शकतो. पाणी नितळ दिसले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असे समजू नये.