मनी प्लांट लावताना आधी पेर बघा



मागच्या पावसाळ्यात आपल्या एका गटाला तालुक्याच्या दुकानदाराने काचेच्या बाटलीतले 30 मनी प्लांट मागितले. मी उत्साहात सांगून टाकलं, "सोपं आहे, पानं देठासकट तोडा आणि पाण्यात ठेवा." मुळ्या फुटल्या, अगदी पांढऱ्याशुभ्र. पण दोन महिने झाले तरी एकाही बाटलीत नवीन पान येईना. दुकानदाराने सगळा माल परत पाठवला. बाटल्यांचा आणि गाडीभाड्याचा खर्च गटाच्या अंगावर पडला. चूक गटाची नव्हती, माझी होती.

मनी प्लांटच्या नुसत्या पानाला मुळं येऊ शकतात, पण त्यातून वेल वाढत नाही. नवा कोंब फुटतो तो पेरातून. पानाचा देठ वेलीला जिथे चिकटलेला असतो ती गाठ म्हणजे पेर. तिथेच तपकिरी टोक आलेलं छोटं मूळही दिसतं. मासिक बैठकीत एका मावशींनी मला ऐकवलंच, "मॅडम, डोळा नसलेलं उसाचं टिपरं कधी उगवतं का?" सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार!

तर फांदी कापताना पेराच्या अर्धा इंच खाली कापायची. प्रत्येक तुकड्याला एक पेर आणि एक-दोन पानं हवीत. पेर पाण्यात बुडालं पाहिजे, पान मात्र बाहेर. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. कुंडीत लावायचं तर चार-पाच तुकडे एकत्र लावा, नाहीतर एकच वेल लोंबकळते आणि गिऱ्हाईक बघतही नाही. वेल फार लांबली की शेंडा छाटायचा. खालून फुटवे येतात आणि छाटलेल्या शेंड्यातून नवीन रोपं मिळतात. आणि हो, चोरून आणलेलाच मनी प्लांट लागतो म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. विकत घेतलेलाही लागतो, नाहीतर आपला धंदा कसा चालायचा?

पाण्याचं म्हणाल तर मातीत बोट घाला, वरची माती कोरडी लागली तरच पाणी द्या. रोज पाणी घातल्याने मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं. मग आणखी पाणी! बाटलीतलं पाणी दर आठवड्याला बदला. डेंग्यूचा डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. ऊन थेट नको, पानं करपतात. अगदी अंधारात ठेवलं तर पानावरचे पिवळे पट्टे जातात. खिडकीजवळची किंवा पडवीतली जागा बरी.

आता ओळखीचं. एका गावात दारातल्या मनी प्लांटला गुळवेल समजून काढ्यासाठी तोडायला घेतलं होतं. दोन्हींची पानं बदामी, म्हणून गफलत होते. मनी प्लांटचं पान जाड आणि चकचकीत असतं, मधोमध एक मोठी शीर आणि देठाला वरच्या बाजूने पन्हळ. गुळवेलीचं पान पातळ असतं, देठापासून शिरा पंजासारख्या पसरतात. जुन्या खोडावरची साल कागदासारखी सुटते, आत हिरवं दिसतं आणि दोऱ्यासारखी लांब मुळं खाली लोंबतात.

ही गफलत साधी नाही. मनी प्लांट अळूच्या कुळातला आहे. कच्चं अळू तोंडात गेल्यावर घसा कसा खवखवतो ते आपल्याला माहीत आहे. तसलेच सुईसारखे बारीक स्फटिक मनी प्लांटच्या पानात असतात. तोंड जळजळतं, जीभ-ओठ सुजतात, लाळ गळते. म्हणजे रांगतं मूल किंवा शेळी असेल त्या घरी कुंडी उंचावर टांगा. मुलाने पान चावलं तर तोंड धुवून काढा आणि लगेच दवाखान्यात न्या. पानाचा तुकडा सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवता येतो.

त्या गटाने आता पेर बघून पुन्हा 30 बाटल्या भरल्यात आणि नवीन पानं दिसू लागलीत. आपल्या दारातली वेल कोणती असा प्रश्न असेल तर पुढच्या बैठकीला घेऊन या. नुसतं पान नको, पेरासकट फांदी आणा.