हद्दीपलीकडचे झाड

शेजारच्या आवारातील मोठे झाड घराला खेटून वाढल्यावर निर्माण होणारे वाद बहुधा हद्दीचे वाद म्हणून मांडले जातात. फांदी कोणाच्या गच्चीवर आली, पाला कोणाच्या पन्हळीत साचला, मुळी कोणाच्या जोत्याखाली शिरली, एवढ्याच प्रश्नांभोवती ते फिरत राहतात. पुणे, नाशिक, कोल्हापूर यांसारख्या शहरांत बंगल्यांच्या वसाहती वसताना कुंपणालगत लावलेली गुलमोहर, वर्षावृक्ष किंवा सोनमोहर यांची रोपे आज दोन-तीन मजल्यांच्या वर गेली आहेत, आणि मधल्या काळात घरेही हद्दीकडे सरकत गेली आहेत. वाद हद्दीचा ठरला की उपायही हद्दीच्या रेषेवरच शोधला जातो आणि रेषेच्या अलीकडचे सारे छाटून टाकण्याची मागणी पुढे येते. झाड आणि घर या दोघांनाही सर्वांत मोठा अपाय याच उपायाने होतो.

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकी खोल जातात, हा समज फार रुजलेला आहे. मुळांना श्वसनासाठी प्राणवायू लागत असल्याने त्यांपैकी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या थरातच राहतात, मात्र आडवी पसरताना ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर जातात. धडधाकट पाया किंवा अखंड पाइप मुळी सहसा फोडत नाही. सांधा आधीच गळका असेल तर त्या ओलाव्याच्या दिशेने ती वाढते, आत शिरते आणि मग जाड होत जाऊन मूळची फट रुंदावते. वड, पिंपळ आणि उंबर यांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांचे बी पक्ष्यांच्या विष्ठेतून थेट भिंतीच्या सांध्यात रुजते आणि जुन्या वाड्यांचे दगड-चुन्याचे बांधकाम त्या मुळ्या खरोखर उकलून टाकतात. असे रोप बोटाएवढे असतानाच मुळासकट काढणे सोपे असते. पुढे त्याला पूज्य वृक्षाचा मान मिळाला की त्याला हात लावायला कामगारही तयार होत नाहीत.

दख्खनच्या पठारावरील काळी माती हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते, जे पाणी शोषून फुगते आणि वाळले की आकसते. मोठे झाड उन्हाळ्यात पायाजवळचा ओलावा ओढून घेते तेव्हा त्या बाजूची माती अधिक आकसते, पाया तेवढ्याच कोपऱ्यात खचतो आणि खिडकी-दरवाजांच्या कोनांतून तिरप्या भेगा निघतात. पाया मुरमावर किंवा खडकावर टेकलेला असेल तर असे सहसा घडत नाही, म्हणून भेगेचे खापर झाडावर फोडण्यापूर्वी पायाखाली काय आहे हे पाहणे आवश्यक ठरते. भेग हलते आहे का हे पाहण्याची एक जुनी आणि स्वस्त रीत अशी की भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी तडकली तर भेग अजून हलते आहे असे समजावे, आणि ती उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यानंतर मिटू लागत असेल तर कारण मातीच्या फुगण्या-आकसण्यात असण्याचा संभव मोठा. अशा जमिनीवरचे मोठे झाड एकाएकी तोडल्यास माती पुन्हा ओलावा धरून फुगते व पाया वर उचलला जाऊ शकतो, त्यामुळे भेग थांबावी म्हणून झाड तोडणाऱ्याच्या वाट्याला नव्या भेगा येण्याची शक्यता असते. हा निर्णय संरचना अभियंत्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये.

फांद्यांच्या बाबतीतही असेच आहे. हद्दीच्या रेषेवर कुऱ्हाड चालवली की झाडाचा सगळा भार एका अंगाला जातो. त्याच वेळी पायासाठी चर खणून त्याच बाजूची जाड मुळे तोडली गेली असतील तर झाडाला धरून ठेवणारा ताणच नाहीसा होतो, आणि पहिल्या वळवाच्या वाऱ्यात ते कोसळू शकते. शेंडा सरसकट उडवणे तर याहून वाईट, कारण त्या जागी फुटणारे घुमारे वरवरच्या सालीलगत चिकटलेले असतात आणि जाड झाले की सहज निखळतात. योग्य छाटणीत फांदी जिथे खोडातून निघते तिथली फुगीर वळी शाबूत ठेवून वळीच्या लगेच बाहेर काप दिला जातो, म्हणजे जखम भरून येते. जड फांदीला आधी खालून अर्धवट काप घेतात, मग थोडे पुढे वरून तोडतात आणि उरलेला खुंट शेवटी काढतात, जेणेकरून साल सोलत खाली येत नाही.

कायद्याची स्थिती सर्वसाधारण समजुतीपेक्षा गुंतागुंतीची आहे. आपल्या हद्दीत लोंबणाऱ्या फांद्या हा उपद्रव आहे आणि त्या काढण्याचा हक्क ज्याला त्रास होतो त्याला आहे, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयांतून भारतात आले. कितीही वर्षे लोंबल्या तरी तशा फांद्या ठेवण्याचा वहिवाटीचा हक्क झाडमालकाला मिळत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच म्हटले होते. छाटलेले लाकूड आणि फळे मात्र मालकाचीच राहतात. या हक्कावर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 याने मोठी मर्यादा घातली आहे: जमीन स्वतःची असो वा दुसऱ्याची, महापालिका किंवा नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या पूर्वपरवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि ‘तोडणे’ या शब्दात जाळणे, कापणे व कोणत्याही प्रकारे इजा करणे हे सारे येते. खोडाला भोके पाडून विष घालणे किंवा मुळाशी ॲसिड ओतणे हा म्हणूनच गुन्हा आहे, शिवाय तो आत्मघातकीही आहे, कारण उभ्याने वाळलेले झाड जिवंत झाडाहून अधिक बेभरवशाचे असते. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचे विशेष संरक्षण दिले आहे.

खरोखर धोकादायक झाडाची लक्षणे ओळखता येतात: बुंध्यापाशी उगवलेली बुरशीची कडक टोपणे, एका बाजूची माती उचलली जाऊन पडलेली अर्धवर्तुळाकार भेग, खोडावर ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज, अलीकडेच वाढलेला कल. जन्मापासून तिरके वाढलेले झाड आणि या पावसाळ्यात तिरके झालेले झाड यांत महत्त्वाचा फरक असतो. ही लक्षणे दिसल्यास छायाचित्रांसह लेखी पत्र मालकाला द्यावे आणि त्याची प्रत महापालिकेच्या उद्यान विभागाला द्यावी, कारण धोका ठाऊक असूनही मालक स्वस्थ बसला हे पुढे भरपाईच्या दाव्यात कळीचे ठरते. मालकाने दाद दिली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 अन्वये कार्यकारी दंडाधिकारी पडण्याच्या बेतात आलेले झाड काढण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा सशर्त आदेश देऊ शकतात. केवळ पाला पडतो किंवा ऊन अडते यासाठी हे कलम नाही.

बहुतेक प्रकरणे तिथवर जाण्याची गरज नसते. मालकाच्या संमतीने परवानगीचा अर्ज करणे, पावसाळ्यापूर्वी जाणकार माळ्याकडून दोन्ही बाजूंनी तोल राखून घेर विरळ करणे, मुळांवरचे काँक्रीट फोडून खोडाभोवतीची माती मोकळी करणे आणि काही वर्षांनी पुन्हा पाहणी करण्याचे कागदावर ठरवणे एवढ्याने झाड व घर दोन्ही सांभाळता येतात. झाड शेजाऱ्याचे आहे म्हणून खर्चही त्याचाच, ही भूमिका समजण्यासारखी असली तरी तोल राखण्यासाठी मालकाच्या बाजूच्या ज्या फांद्या काढाव्या लागतात त्या त्याला खुपत नसतात. त्या तक्रारदाराच्या घराच्या सुरक्षिततेसाठी काढल्या जातात, आणि त्या खर्चाचा वाटा तक्रारदाराने आपणहून उचलणे न्याय्य आहे.