लघुउपग्रह आणि काटकसर

छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत उपग्रहाचा विषय निघाला, की ‘उपग्रह लहान, तेव्हा खर्चही आपोआप लहान’ हा समज हटकून पुढे येतो. वाळूजच्या कारखान्यांत मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या आणि तपासणीवाचून एकही भाग बाहेर न सोडणाऱ्या या शहराने तरी तो बाळगू नये.

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, दहा सेंटिमीटर बाजूचा आणि सुमारे एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ वरून श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्यासाठी स्वतंत्र अग्निबाण लागला नाही; कार्टोसॅट-२ मालिकेतील मुख्य उपग्रहासह एकूण वीस उपग्रह त्याच उड्डाणात होते.

उपग्रहाला दिशा देण्यास महागडी यंत्रणा अपरिहार्य असते, हा दुसरा समज. ‘स्वयम्’मध्ये बसविलेला कायमचुंबक होकायंत्राच्या सुईप्रमाणे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी जुळून राहतो, विशिष्ट चुंबकीय धातूच्या कांड्या त्याचे डोलणे हळूहळू शमवितात, आणि या सर्व खटाटोपात विजेचा एक कणही खर्च होत नाही. मात्र क्षेत्ररेषांबरोबर उपग्रहही वळत राहत असल्याने, सतत भूमीकडे रोखलेला कॅमेरा अशा व्यवस्थेवर चालणार नाही. हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचविणे एवढेच कार्य नेमून घेतल्यामुळे ही साधी रचना पुरेशी ठरली. खरी काटकसर मला येथे दिसते: उद्दिष्टाचा मसुदा लिहितानाच ती होते, खरेदीच्या वेळी नव्हे.

चाचण्यांत मात्र कपात करणे घातक होय. प्रक्षेपणाची कंपने, निर्वात आणि ऊन-सावलीतील तापमानाचे फेरे जमिनीवरच सोसून दाखवावे लागतात, कारण कक्षेत गेलेल्या एवढ्या लहान उपग्रहाचे सैल झालेले जोडकाम दुरुस्त करण्यास कोणी जात नाही.

विद्यार्थ्यांचे श्रम फुकट, हा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महाग पडणारा समज. ‘स्वयम्’ला सुमारे आठ वर्षे लागली, मुंबईच्या आयआयटीतील ‘प्रथम’, जो २६ सप्टेंबर २०१६ रोजी उडाला, तोही असाच अनेक वर्षांच्या परिश्रमांतून उभा राहिला. चार वर्षांत पदवी घेणारी तुकडी निघून गेली, की तिचे ज्ञानही निघून जाते. म्हणून कोणता जोड का बदलला, कोणती चाचणी कोठे फसली, कोणता भाग का नाकारला, याचा तारीखवार तपशील दप्तरी ठेवून नव्या तुकडीच्या स्वाधीन करण्याची तरतूद अंदाजपत्रकातच, पहिल्या दिवसापासून असावी लागते.